कपाच्या काठावरचा लाल ठसा

तंबाखूचा नवा पाइप नव्या जावयासारखा जपावा लागतो, असं दुकानदार म्हणाला. "सुरुवातीला अर्धाच भरा, आत काजळीचा थर धरू द्या. वरचा हा लाल रंग सुटेल, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या."

मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. अर्धा भरायचं तेवढं ऐकलं, पुसायचं नाही.

रंग सुटला. तापलेल्या पाइपचा बोटांना लागला, बोटांचा ओठांना आणि ओठांचा चहाच्या कपाला.

रविवारी नेहमीप्रमाणे धाकटी बहीण डबा घेऊन आली. माझी बायको गेल्यापासून ती येते, साठलेली भांडी घासते आणि घासता घासता माझी कीव करते. त्या दिवशी कप हातात धरून ती थबकली.

"दादा, कोणी आलं होतं का रे?"

पाइप माझ्या खिशातच होता. काढून दाखवला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण तिच्या आवाजात कीव नव्हती, हे मला फार दिवसांनी ऐकू आलं.

"हो," मी म्हणालो.

ती गालातल्या गालात हसली. पुढच्या रविवारी डबा दोघांपुरता आला.

आता पाइपचा रंग सुटत नाही. धूरही गोड लागतो. डबा मात्र अजून दोघांचाच येतो. भांड्यांत दोन ताटं दिसायला हवीत, म्हणून मी अर्धं एका ताटात जेवतो आणि मग उठून समोरच्या खुर्चीवर बसतो.