न्हाव्याच्या हातावरची तुरटी

मी तुरटी बोलतेय. सलूनच्या आरशाखाली, ओल्या बशीत पडलेली. माझी चव तोंड आवळणारी आणि स्वभावही तसाच, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका.

खडक भाजून, उकळून, आटवून मला घडवलं. ढिगातून दादांनी मला निवडलं. दादा म्हणजे या सलूनचे मालक. त्यांचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायचं. चुकून ओरखडा निघालाच तर मला फिरवायचे आणि रक्त तिथल्या तिथे थांबायचं. "बघितलं? डॉक्टर काय करणार हिच्यापुढे!" म्हणून भाव खायचे. मीही फुशारले होते.

पुढे दिवसभराच्या साबणपाण्याने त्यांचेच हात चिडले. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, खाज, लस. गिऱ्हाइकं त्या हातांकडे बघून मान आक्रसू लागली. दादांनी काय करावं? मलाच हातावर खसाखसा घासलं. लस थांबली, म्हणजे बरं झालं असं धरून चालले.

बरं कसलं डोंबलाचं! शेवटी वहिनींनी हट्टाने त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी खिशात होतेच. दादांना मला दाखवून शाबासकी हवी होती ना!

बाई म्हणाल्या, "कातडीत एन्झाइम असतात. बारीक कात्र्याच समजा. एरवी त्या मेलेली कातडी सोडवतात. दाह झाला की मोकाट सुटतात आणि चांगली कातडीही कापत बसतात. साबणाने तर त्यांना आणखी जोर चढतो. तुरटीने वरवरची प्रथिनं गोठतात, त्यात वरच्या काही कात्र्या अडकतात, म्हणून लस थांबते. आतल्या चालूच राहतात. शिवाय असं कोरडं घासून कातडी फाटते ती वेगळीच."

"मग काय करायचं?" दादांनी विचारलं.

"ही बंद. मलम लावा, आणि महिनाभर वस्तऱ्याला सुट्टी."

"महिनाभर? अहो बाई, ही एका झटक्यात रक्त थांबवते!"

"रक्त थांबवणं वेगळं. हे दुखणं वेगळं आहे, दादा."

मलमाने वस्तरा निसटतो, म्हणून ट्यूब फण्यांच्या डब्यात गेली आणि मी पुन्हा हातावर. मला संताप येतो. माझं काम एवढंसं, ते मी चोख करते. जे माझ्याच्याने होत नाही ते माझ्या गळ्यात कशाला मारता? भेगा पडल्या, बोटं आखडली. एकदा वस्तरा घसरला. गिऱ्हाईक अर्ध्या फेसाने उठून गेलं, ते परत आलं नाही. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले.

काल दादांनी मला उचलायला हात पुढे केला. बोटं मिटेनात. मी बशीतच घसरले. वहिनी हातातला झाडू टाकून आल्या.

"अहो, पुरे करा आता ही तुरटी."

"तूच लावून दे गं. नुसती आग होतेय. एवढ्यापुरतं."

वहिनी त्या हातांकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते: वहिनी, मला मोरीत टाका, वरून नळ सोडा, मी विरघळून जाईन, पण त्यांचं ऐकू नका!

वहिनींनी डोळे पुसले, मला पाण्यात बुडवलं आणि नवऱ्याच्या तळहातावर हळूहळू फिरवू लागल्या.