तांबूस जळू

कॅम्लूप्सजवळच्या तळ्यात वॉरेन सकाळपासून होडीत बसून गळ टाकत होता. गळाला दुकानातल्या महागड्या लोकरीची, बोटभर लांब खोटी जळू बांधलेली. तळ्यातले ट्राउट मासे तिला हुंगतसुद्धा नव्हते. होडीत समोर बसलेल्या त्याच्या बायकोने, ग्लेंडाने मात्र स्वतः बांधलेल्या नखाएवढ्या जळूवर चौथा मासा काढला.

"ही तांबूस लोकर कुठून आणलीस गं?" शेवटी त्याने नाक मुठीत धरून विचारलं.

"लोकर कसली! काल दुपारी तू खुर्चीत घोरत होतास ना?"

वॉरेनचा हात दाढीकडे गेला. हनुवटीखाली बोटाला चक्क टक्कल लागलं. तो भडकणार, तोच तिची काठी पुन्हा वाकली. पाचवा!

वॉरेनने मुकाट्याने हनुवटी पुढे केली. "कात्री आणलीयस ना?"