पितळी तीळ

औषधवाला दुकान बायकोवर सोपवून बाहेर पडू लागला की ती काउंटरमागून म्हणायचीच, "निघाले सांगाडे गोळा करायला." तो कधी चिडत नसे. खोटं काय होतं त्यात? घराच्या मागच्या खोलीत सायकलींच्या फ्रेमी खुंट्यांना टांगलेल्या होत्या. चाकं नाहीत, सीट नाही, हँडल नाही. सगळ्या लहान चाकांच्या बीएमएक्सच्या, आणि सगळ्या एकाच कारागिराच्या हातच्या.

हा कारागीर त्यांच्याच गावचा. औषधवाला शाळेत होता तेव्हा पोरांना त्या उड्या मारायच्या सायकलींचं वेड लागलं होतं, आणि बाहेरून येणारी सायकल घेणं म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखं होतं. मग हा माणूस आपल्या गाळ्यात पोलादी नळ्या कापून, पितळेनं जोडून तशाच फ्रेमी करून देऊ लागला. बाहेरच्या मोडत, याच्या मोडत नसत. आता तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. गाळ्यात चष्म्यांचं दुकान आलं होतं; फ्रेमी तिथे अजून मिळत, पण नाकावर ठेवायच्या. सायकलवर त्यानं कधी नाव घातलं नाही की नंबर घातला नाही. "नंबर तुरुंगात देतात," असं म्हणायचा. त्यामुळे हातात आलेली फ्रेम त्याची आहे की कुणी नक्कल केली आहे, हे सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं. त्याची मुलगी.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत आणि ती डाव्या हातात बारीक ज्योतीची बत्ती धरून तारांना जोड देत बसे. औषधवाला पहिल्यांदा फ्रेम बगलेत मारून आला तेव्हा ती म्हणाली, "सांगीन मी. पण एक अट. मिळेल ती प्रत्येक फ्रेम आधी मला दाखवायची. पुसायची नाही, घासायची नाही."

"एवढी माया वडिलांच्या कामाची!" तो भारावून म्हणाला.

"तसं समजा," ती म्हणाली.

माया होती की काय होतं ते तिचं तिला माहीत. तिला त्या ढिगात एकच फ्रेम शोधायची होती, आणि ती वडिलांनी केलेली नव्हती.

तिची शाळा संपली त्या सुट्टीत वडिलांच्या पाठीत उसण भरली होती. एक फ्रेम अर्धी राहिली होती. तिनं ती कुणाला न विचारता पुरी केली. बघून बघून तिला सगळं येत होतं. नळी दोन्ही बाजूंनी बंद करून तापवली की आतली हवा फुगते आणि वितळलेलं पितळ बाहेर फेकते, म्हणून आधी नळीला एक बारीक भोक पाडावं लागतं. वडील त्याला श्वास म्हणायचे. भोक नेहमी खालच्या बाजूला, म्हणजे पुढे पावसाचं पाणी आत साचत नाही, गळून जातं. पण ती डावरी. साखळीच्या बाजूचा मागचा दांडा तिनं आपल्या हाताला सोयीचा पडेल असा शेगड्याच्या पकडीत बांधला आणि भोक पाडलं. सगळे जोड झाले, फ्रेम सरळ केली, तेव्हा भोक वर! आभाळाकडे तोंड करून बसलेलं. आता पाणी थेट आत जाणार आणि दांडा आतून कुजणार.

वडील वाकत वाकत गाळ्यात आले. फ्रेम बघितली. भोकावर अंगठा ठेवला. तिच्या हातातली बत्ती काढून घेतली आणि विझवली. दुसऱ्या दिवशी फ्रेम खुंटीवर नव्हती. कुठे गेली हे तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एकाच मुशीतली दोन माणसं. कोण आधी तोंड उघडणार? ती पुन्हा गाळ्याची पायरी चढली नाही. थोड्याच दिवसांत कवळ्यांचं काम शिकायला गेली. वडील वारले तोपर्यंत दोघं एका ताटाशी बसून जेवले, पण तो विषय त्यांच्यात निघाला नाही. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं: आपली फ्रेम त्यांनी भंगारात टाकली, की चालवायला दिली?

पहिल्या दोन-तीन फ्रेमी जुन्या, त्या सुट्टीच्या आधीच्या निघाल्या. मग एक शाळेच्या अडगळीतून आली. तिच्या साखळीकडच्या दांड्यावर, वरच्या बाजूला, बरोबर त्याच जागी, मसुराएवढा पितळेचा ठिपका होता. आजूबाजूला निळा रंग, ठिपका मात्र उघडा, पिवळा.

तिचा हात थांबला. "हे काय?"

"अहो ताई, तुम्हीच विचारता?" औषधवाला हसला. "पितळी तीळ म्हणतात याला. जुन्यांना नसतो, नंतरच्या सगळ्यांना असतो. याच्यावर तर जमवणारे जीव टाकतात."

तिनं फ्रेम उलटी केली. खालच्या बाजूला श्वासाचं भोक होतं, जिथे असायला हवं तिथेच. म्हणजे वरचा ठिपका नुसताच. कशावर बूच नाही, कसलं काम नाही. ही तिची नव्हती.

"खरी आहे," ती म्हणाली. "वर तीळ आणि खाली भोक. भोक नसेल तर नकली समजा. नक्कल करणारे दिसतं तेवढंच करतात." औषधवाल्यानं ते ब्रह्मवाक्यासारखं गाठीला बांधलं.

घरी आल्यावर तिनं आईला विचारलं. आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती.

"तो ठिपका ना? दुकानाची खूण, म्हणाले होते. मी म्हटलं, सरळ नाव घाला की. तर म्हणे, नाव सगळेच घालतात."

"कधीपासून घालायला लागले?"

"मला काय विचारतेस? तुझे वडील मनातलं बोलले असते तर घराच्या भिंती दचकल्या असत्या." आईनं एक शेंग तिच्या हातात दिली. "बस, सोल. उभ्यानं प्रश्न विचारू नयेत."

ती सोलत बसली. ठिपका तिच्यानंतर आला होता, एवढं उघड होतं, आणि तिच्या चुकीच्या जागेवर आला होता. त्याचा अर्थ तिनं तेव्हाच लावून टाकला. कुणी चूक विसरू नये म्हणून पदराला गाठ मारतं. वडिलांनी प्रत्येक फ्रेमला मारली. आयुष्यभर, रोज, न चुकता. एखाद्यानं व्रत धरावं तशी तिची चूक धरून ठेवली. अशा माणसानं ती फ्रेम ठेवली असेल होय?

पुढे फ्रेमी येत राहिल्या. एक फाटकाला आडवी ठोकलेली सापडली. एक कुणा म्हातारीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर होती आणि तिच्यासाठी औषधवाल्यानं म्हातारीला नवीन छप्पर घालून दिलं. एक नकली निघाली, तेव्हा तो सुतक असल्यासारखा दोन दिवस गप्प होता, बायकोनं विचारलं, "कोण गेलं?" लॅबमध्ये प्रत्येक फ्रेमवर तीच पद्धत चाले. ती आधी तिळावर अंगठा ठेवी, मग फ्रेम उलटी करी. प्रत्येक वेळी खाली भोक असे. हळूहळू तिनं उलटी करताना श्वास धरणं सोडून दिलं.

मग औषधवाल्याला कुणीतरी धार लावणाऱ्याबद्दल सांगितलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत हा माणूस बसे. त्याचं यंत्र म्हणजे उभी केलेली सायकलच होती. मागचं चाक काढून तिथे सहाणेचं गोल चाक बसवलेलं. तो सीटवर बसून पायडल मारी आणि सहाण फिरे. फ्रेम लहान, माणूस मोठा, त्यामुळे गुडघे कानाशी येत. लॅबमधला प्लास्टर कापायचा चाकू बोथट झालाच होता. तो घेऊन तीही औषधवाल्याबरोबर गेली.

फ्रेमवरचा रंग कधीच उडाला होता. तीळ होता. पण इतरांसारखा गुळगुळीत नव्हता. थोडा फुगीर, घाईत घातल्यासारखा.

औषधवाल्याला धीर कुठला. त्यानं रस्त्यावरच बसकण मारली आणि मान वाकडी करून खालून बघितलं. बोटानं चाचपलं. उठला तेव्हा तोंड पडलेलं होतं.

"नकली," तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "खाली भोक नाही. चला."

ती हलली नाही. खाली बसली, डावा हात दांड्याच्या पोटाखालून फिरवला. सलग पोलाद. मग पायडलच्या नळीजवळचा जोड चाचपला. पितळेची कड डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपत होती. वडिलांची उलटी जायची.

"कुठून आली ही?" तिनं विचारलं.

धार लावणाऱ्यानं पायडल थांबवलं. "लहानपणीची आहे ताई. माझी आई सायकलींच्या गाळ्याशेजारच्या घरात भांडी घासायची. कारागिरानंच बोलावून दिली. म्हणाले, पावसात फार ठेवू नको, बाकी जोड पक्का आहे. बसा, त्या डब्यावर बसा. तर मी ऐटीत ही घेऊन बाहेर पडलो, आणि पोरं लागली चिडवायला. तेव्हा कुणाच्याच सायकलीला ठिपका नव्हता. म्हणायची, तुझीला गळू झालंय! ठिगळाची सायकल! मी रडत गेलो त्यांच्याकडे परत."

"मग?"

"मग काय, ते म्हणाले, रडतोस कशाला, थांब जरा, सगळ्यांना येईल. आणि खरंच हो! त्यानंतर जी नवी सायकल बाहेर पडे तिला हा ठिपका. थोड्या दिवसांत बिनठिपक्याची पोरं रांग लावायला लागली, आम्हालाही घालून द्या म्हणून." तो मोठ्यानं हसला. "ज्यांनी मला ठिगळ म्हटलं होतं, तीच! कारागीर मधूनमधून इथे यायचे नंतरही. याच्यावर अंगठा दाबायचे. मी विचारायचो, काय बघता? म्हणायचे, धरलंय का बघतो. धरलेलंच असायचं."

ती डब्यावर बसून होती. गल्लीत कुणीतरी बादली ओतली, पाणी वाहत आलं आणि सहाणेखालून निघून गेलं.

औषधवाल्याची मात्र चुळबुळ चालली होती. "म्हणजे कारागिरानं दिलेली आहे? मग खाली भोक कसं नाही? तुम्हीच तर म्हणाला होतात ताई..."

"त्यांनी दिली," ती म्हणाली. "केली मी. भोक चुकून वर पाडलं. त्यांनी ते पितळेनं बुजवलं."

मागच्या खोलीतल्या सगळ्या फ्रेमी औषधवाल्याच्या डोळ्यांपुढून सरकत असाव्यात. "पण बाकीच्यांची भोकं तर बरोबर होती. त्यांना तीळ कशाला?"

"ही एकटी दिसू नये म्हणून."

तिनं ते लॅबमध्ये मापं सांगावीत तसं सांगितलं. औषधवाल्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग शेवटी जमवणाऱ्याचा जीव तो, राहवेना.

"म्हणजे पहिला तीळ हाच! ताई, ही फ्रेम माझ्याकडे हवी. मी यांना नवं यंत्र घेऊन देतो, विजेवर चालणारं—"

"विजेचं नको बाबा," धार लावणारा म्हणाला. "वीज गेली की मी काय जिभेनं धार लावू?"

"राहू दे दादा," ती म्हणाली. "तिला काम आहे."

औषधवाल्यानं एकदा सहाणेकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. घरी बायकोला काय सांगायचं हा प्रश्न होताच. रिकाम्या हातानं तो आजवर कधी परतला नव्हता.

ती उठली. तिळावर अंगठा ठेवून जरा दाबला. धरलं होतं. मग पिशवीतून चाकू काढून धार लावणाऱ्याला दिला.

त्यानं पातं डोळ्यांपाशी नेलं, झिजलेली बाजू पाहिली.

"डावरा हात का?"

"हो."

त्यानं चाकू उलटा धरला आणि पायडल मारलं.