गर्दीतला धाकटा

पडद्यावर दहा हजारांची फौज चालून येते ना, त्यात खरी माणसं असतात पन्नास. बाकी आमची हातचलाखी. सिनेमात नसलेलं असल्यासारखं दाखवायचं, याच कामात माझी तीस वर्षं गेली.

पहिल्या सिनेमाला गर्दीसाठी माणसं कमी पडली, म्हणून मी धाकट्या भावाला धरून आणलं आणि हिरव्या पडद्यापुढे चालायला लावलं; मागचं हिरवं काढलं की माणूस कुठल्याही गर्दीत चिकटवता येतो. त्याच्या पायात माझे बूट चढवले, एक नंबर लहान. बिचारा लंगडत चालला. दर खेपेला शेवटी मागे वळून विचारायचा, "झालं का, दादा?" मी म्हणायचो, "अजून एकदा." दिवसभर हेच. त्याला साधं पाणीही विचारलं नाही मी.

महिन्याभराने तो तापाने गेला.

त्याचं चित्रण मात्र कामाला राहिलं. कधी दाढी लावून, कधी शिरस्त्राण घालून तो माझ्या प्रत्येक सिनेमात चालला. हाताखालची मुलं त्याला 'लंगड्या' म्हणत. "मागे जागा रिकामी दिसतेय, एक लंगड्या टाक!" मी हसून साजरं करायचो. थिएटरमध्ये मात्र तो मागे वळायचा, ओठ हलायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

आताच्या या नव्या सिनेमाच्या वेळी माझा धीर सुटला. त्याला सगळ्या दृश्यांतून काढलं, मूळ चित्रण पुसलं, राखीव प्रतही ठेवली नाही. मुलांना सांगितलं, "फार जुनाट दिसतं ते." आता तरी सुटलो, असं वाटलं.

पहिल्या खेळाला नेहमीप्रमाणे आई आली. तिला गोष्ट कळत नाही, नजरही अधू. लेकाच्या कौतुकापोटी येते, अशी माझी समजूत. दिवे लागले तरी ती उठेना.

"चल, आई. संपला."

"असा कसा संपला? तो आलाच नाही."

"कोण?"

"कोण काय विचारतोस? लंगडत येतो, वळून बघतो, काहीतरी विचारतो. तेवढ्यासाठी तर येते मी." तिने माझा हात धरला. "काय विचारतो रे तो? मला मेलीला ऐकूच येत नाही. पुढच्या खेपेला अगदी पुढे बसव मला."

जन्मभर लोकांना नाही ते दाखवत आलो, पण आईला साधं 'हो' म्हणता येईना. मला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून मी खाली वाकलो आणि खुर्चीखाली तिच्या चपला शोधू लागलो.