कार्ड तयार असलेली माणसं

गुरुदास तरुणपणी मुंबईला टीव्हीच्या बातम्यांत होते. गावी, देवबागात लोकांना वाटायचं, ते बातम्या सांगत होते. ते फोटो चिकटवत होते. काळा पुठ्ठा, त्यावर खळीने फोटो, आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली चकाकू नये म्हणून वरून टाल्कम पावडरचा हात. मग पुठ्ठा स्टँडवर, कॅमेरा पुढ्यात, आणि माणूस घरोघरी.

आजारी पुढाऱ्यांची अशी कार्डं निधनाच्या बातमीसाठी आधीच करून ठेवायची पद्धत होती. त्यातून गुरुदासांना एक शोध लागला: कार्ड तयार असलेला माणूस मरत नाही. एक मंत्री तर तेरा वर्षं त्यांच्या कपाटात पडून होता. पावडर उडाली की नवी लावायची, म्हातारा ठणठणीत. मरायचे ते कार्ड नसलेले, तेही नेमके बातम्या सुरू व्हायच्या तोंडावर.

कालपासून त्यांची बायको सावित्री कुडाळला आयसीयूत होती. मुलगा मंगेश तिथे बसून होता. लेक नम्रता स्वयंपाकघरात आली, तर बाबा कातरीने आईचा फोटो कापत होते. शेगडीवर मैद्याची खळ रटरटत होती. शेजारी आईचीच पावडर.

“बाबा, ह्या काय चाललाहा?”

“तुझ्या आवशीचा कार्ड.”

“तुमका याड लागला काय? आई जिती आसा!”

“म्हणानच. मेल्यार कार्ड काय कामाचा? त्या मंत्र्याक बघ.”

“तो मेलोच ना पण!”

“माझी बदली झाल्यार मेलो. नव्या माणसान कार्ड हरवल्यान.”

नम्रताने फोटो हिसकावला. वालावलच्या देवळापुढे, उन्हाने डोळे बारीक केलेली आई.

“आणि ह्यो? ह्यो फोटो आईक आवडणा नाय.”

“मंत्र्याकव आवडी नाय. पण जगलो.”

तेवढ्यात फोन वाजला. मंगेश. बरं असलं तर तो मेसेज टाकायचा. फोन कधीच करायचा नाही.

नम्रताने फोनकडे पाहिलं. हातातल्या फोटोकडे पाहिलं. फोन वाजतच होता.

“आधी चिकटवा,” ती म्हणाली. “बेगीन!”

पण बाबा अजून पुठ्ठा पुसत होते. तिनेच ब्रश घेतला, फोटो पालथा केला आणि आईच्या पाठीला गरम खळ फासली. दोघांनी चारी हातांनी फोटो पुठ्ठ्यावर दाबून धरला. फोन वाजायचा थांबला. परत सुरू झाला.

“घेव?” तिने विचारलं.

“रव गो, पावडर ऱ्हवली.”

तिने डब्याचं झाकण उघडलं.