मठाच्या फरशीतले जाते

शनिवारी सकाळी, मठातली पहिली प्रार्थना संपता संपता, माझ्या कडेखाली लोखंडी पहार शिरली. साल १३८१, महिना जून. लंडनकडे बंड पेटले होते आणि आमच्या गावचे लोक मठाधिपतींच्या बैठकीच्या खोलीची फरशी उखडत होते.

मित्रांनो, त्या फरशीत बसवलेले मी एक जुने जाते आहे. करड्या दगडातून मला पाथरवटाने घडवले आणि एमट नावाच्या बाईच्या आईने घरी आणले. रोज सकाळी मूठमूठ जव माझ्या तोंडात पडे. खुंट्याला आधी आईचा हात लागे, पुढे लेकीचा. "असं बारीक पीठ गावात कुणाकडे निघत नाही," असे आई म्हणे आणि मी फुगून जाई.

पण नदीवर मठाची पाणचक्की होती. तिचा मी हेवा करीत आले आहे, आजही करते. तिला ना कुणाचा हात लागे, ना घाम. पाणी ढकले आणि ती फिरे. तिच्यासाठी मठाने नियम केला, की दळण फक्त चक्कीवर न्यायचे आणि त्यातला वाटा मठाला द्यायचा. घरोघरची जाती जप्त करून बैठकीच्या फरशीत जडवली. माझे दोन्ही दगड बैठकीत शेजारी शेजारी बसवले गेले.

खिडकीतून तिची घरघर ऐकू येई. दर हिवाळ्यात तिच्या दगडांना टाकी लावत, छिन्नीने ठोकून नवे दात पाडत, ते मला आवाजावरून कळे. मला कुणी टाकी लावली नाही. माझे दात पाहुण्यांच्या पायताणांनी झिजले.

शनिवारी मला बाहेर काढले, तेव्हा एमटचे केस पांढरे झालेले होते. माझ्या कडेचा टवका तिने बोटाने चाचपला.

"हेच ते! हा टवका लहानपणी माझ्याच हातून उडाला. आईनं पाठ सोलून काढली होती."

तोवर हॅमो लोहाराने घण उचलला होता. आमच्याकडे दर रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाचा पाव मोडून घराघराला तुकडा देतात. लोकांनी दगडांचेही तसेच करायचे ठरवले होते.

"सरका, वहिनी. प्रत्येक घराला एक तुकडा. आपण सगळे एक, याची खूण."

"खूण शिजवून खाणार आहेस का रे मेल्या? दळायचं कशावर, तुझ्या टकलावर?"

"त्याला आधी टाकी लावावी लागेल!" मागून कुणीतरी ओरडले. सगळे हसले. हॅमोही हसला, आणि घण पडला. माझा वरचा दगड फुटला. तेव्हा एमट खालच्या दगडावर जाऊन बसली.

"आता मार. आधी मला मार."

हॅमोने घण खाली ठेवला. बाकीच्या जात्यांचे मात्र तुकडे झाले. लोकांनी ते छातीशी धरून, गाणी म्हणत घरी नेले.

मठाने नमते घेतले. सोमवारी घरात दळायची मुभा सगळ्यांना होती आणि जाते कुणाकडेच नव्हते. पोती निमूट चक्कीवर गेली. तिची घरघर मी एमटच्या चुलीशेजारून ऐकली आणि माझा जळफळाट झाला. आधी तिच्यासाठी आम्हाला गाडले, आणि सुटलो तर आमच्याच माणसांनी तिची सोय केली. माझ्याच वरच्या दगडाचा एक तुकडा हॅमोच्या घरी मेणबत्तीशेजारी बसला आहे. मुले त्याचे मुके घेतात. मला त्याचाही हेवा वाटतो.

मित्रांनो, भांडून मिळवलेली वस्तू खूण म्हणून फोडू नका. तिला तिचे काम द्या. आम्हाला तेवढेच हवे असते.

बंड मोडले. सगळे दगड, तुकड्यांसकट, मठात परत आणून टाकण्याचा हुकूम आज सकाळी निघाला. हॅमो कुठूनसा एक नवा दगड घेऊन आला आहे. माझ्यावर बसवण्यासाठी तो परसात त्याला भोक पाडतो आहे. मला नेण्याआधी एकदा तरी दळायला एमटने वाडग्यात मूठभर जव घेऊन ठेवले आहेत.

"हळू ठोक. शिपाई शेजारच्या घरात शिरलेत."

"हळू ठोकलं तर दगड ऐकत नाही, वहिनी."

"मग लवकर ठोक."

भोक अजून आरपार गेलेले नाही.