मोहाच्या झाडावरची चिंधी

जंगलात शर्यत घ्यायची म्हणजे फक्कीने रेघ ओढायची आणि शिट्टी फुंकायची, असं ज्यांना वाटतं त्यांना एकदा माझ्या जागी उभं करायला हवं. परवानगी पाहिजे, ॲम्ब्युलन्स पाहिजे, विमा पाहिजे, पाणी पाहिजे, पाणी देणारी माणसं पाहिजेत आणि ती जिथे बसणार तिथपर्यंत पाणी नेणारा ट्रॅक्टर पाहिजे. अर्जुनी मोरगावात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची अवलाद. दोन वर्षं सांगत फिरलो, की आपल्या तलावाच्या पाळीवरून आणि मागच्या जंगलातून एकवीस किलोमीटरची शर्यत ठेवली तर नागपूर-रायपूरची माणसं येतील. लोक म्हणाले, प्रफुल कापगत्याला वेड लागलं. लागलं होतंच, मी कुठे नाही म्हणतोय.

शर्यत थंडीत घ्यायची होती. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरता फिरता मार्च उजाडला. वनखात्याने बजावलं होतं, की सूर्य उगवायच्या आधी कोणी जंगलात पाऊल टाकायचं नाही आणि प्लास्टिकचा कपटाही मागे राहता कामा नये. म्हणजे रस्ता दाखवायला झाडांना बांधतात त्या छापील पट्ट्या बाद. मी बाजारातून लाल कापडाचा तागा आणला आणि माझ्या बायकोने, नीतूने, बसून त्याच्या वीत-वीत चिंध्या फाडल्या. मार्चमध्ये मोह फुलतो हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? जाहिरातीत मीच छापलं होतं, 'मोहाच्या सुगंधात धावा'. पण मोहाबरोबर मोह वेचणारे येतात, झाडाखालचा पाला जाळणारे येतात आणि मोहावर जीव टाकणारी अस्वलंही येतात. ते मी सोयीने विसरलो.

आणखी एक केलं, तेही सांगून टाकतो. पाण्याचे टप्पे तीन ठरले होते. बाराव्या किलोमीटरवरचा मधला टप्पा मी कापला. तिथे ट्रॅक्टर जात नव्हता आणि डोक्यावर पाणी न्यायला माणसं जे मागत होती ते माझ्या जिवावर आलं. त्यामुळे आठव्यापासून सोळाव्या किलोमीटरपर्यंत, ऐन जंगलात, धावणाऱ्यांकडे बघायला आमचं कोणी नव्हतं. कागदावर ते फारसं दिसत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानातून एकशे अठरा जण सुटले. साडेदहापर्यंत एकशे सतरा परत आले. नीतूने यादीवर बोट ठेवून मला हळूच हाक मारली. उरली होती ती रिंकू बिसेन, कामठ्याची, वीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज धावणारी पोरगी, अशांना काय होतंय, असं मी नीतूला म्हणालो आणि यादी पुन्हा वरून खाली तपासली. आठव्या किलोमीटरवर तिच्या नंबरापुढे खूण होती. सोळाव्यावर नव्हती.

तिचे वडील, शालीकराम बिसेन, मैदानाच्या कडेला तिचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. रात्रीच मोटरसायकलवर निघून, कोहमाऱ्याला चहापुरते थांबून, ते तिला इथवर घेऊन आले होते. सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, "सर, जंगलात पोरगीसंगं कोण राह्यते?" आणि मी त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणालो होतो, "काका, जबाबदारी माझी." तोंडातून शब्द काढायला काय लागतं? आता ते उठून माझ्याकडे आले.

"सर, सब आले. माही पोरगी काऊन नाही आली?"

"येईल. शेवटचा माणूस अजून यायचाय ना," मी म्हणालो.

शेवटचा माणूस म्हणजे मनिराम, तिथल्याच टोल्यावरचा, म्हणजे जंगलाकाठच्या वस्तीतला. सगळ्यांच्या मागून चालायचं, कोणी बसलं असेल तर त्याला आणायचं आणि येता येता चिंध्या सोडून घ्यायच्या, हे त्याचं काम. दहा मिनिटांत मनिराम आला. एकटाच. खांद्यावरचं पोतं त्याने मोठ्या अभिमानाने माझ्यासमोर ओतलं. लाल चिंध्यांचा ढीग पडला.

"सब काढलो सर. एकबी नाही ठेवलो."

"मागे कोणी राहिलं?"

"कोणी नाही. पुरा जंगल खाली हाय."

तिच्या पुढचे सगळे आले, मागचा माणूसही आला, मग मधली पोरगी गेली कुठे? मी घाईघाईने यादीत तिचा संकटकाळचा नंबर शोधला आणि लावला. माझ्याच दुसऱ्या खिशातला फोन वाजला. अर्ज भरताना शालीकरामांना स्वतःचा नंबर आठवेना आणि तो रकाना रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकत नव्हता, म्हणून मीच माझ्या दुकानाचा नंबर टाकला होता. फोन दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. शालीकराम माझ्या खिशाकडे बघत होते. तो बंद करायलाही मला सुचत नव्हतं.

ॲम्ब्युलन्स तलावाच्या पाळीपुढे जात नाही. मनिरामच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं बसलो, मी मध्ये, शालीकराम मागे. त्यांचा डबा माझ्या पाठीला टोचत होता, पण तो खाली ठेवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आठव्या किलोमीटरला गाडी टाकून पायी निघालो. ऊन चढलं होतं आणि कुठूनतरी जळक्या पाल्याचा वास येत होता. मी "रिंकू!" म्हणून हाका मारत होतो. उत्तर आलं नाही की पुढची हाक मारायची भीती वाटायची.

कोरड्या नाल्यापाशी वाट दोन्हीकडे फुटते. आमची शर्यत उजवीकडे जात होती. तिथे आता एकही चिंधी नव्हती, मनिरामने काम चोख केलं होतं. डावीकडे मात्र, पंधरा पावलांवर, झाडाच्या बुंध्याला लाल चिंधी फडफडत होती. तिच्यापुढे दुसरी, तिच्याही पुढे तिसरी.

"मनिराम!" मी ओरडलो. "या चिंध्या काऊन नाही काढल्यास? आणि या इकडे बांधल्याच कोणी?"

"ते आपल्या नाही सर. ते माह्या बायकोच्या होत. मोहाचे झाडं हायेत ना, ज्यानं चिंधी बांधलन त्याचं झाड. ते कोणी सोडत नाही. सोडलं तं गावात भांडण होते."

"पण कापड तर हेच आहे!"

मनिरामने माझ्याकडे भाबडेपणाने पाहिलं. "तुमीच तं देल्ते सर. उरलं हाय, घरी ने म्हणून."

दिलं होतं. शुक्रवारी, तागा संपताना उरलेलं दोन-तीन हात कापड मी त्याला मोठ्या मनाने दिलं होतं. त्याच्या बायकोने, पुष्पाबाईने, शनिवारी ते फाडून आपल्या झाडांना बांधलं. तिला वाट कुठली, शर्यत कुठली, काय माहीत? आणि एकशे सतरा जण पुढच्यांची पाठ बघत उजवीकडे गेले. रिंकू एकटी पडली असणार. तिने लाल चिंधी पाहिली आणि सकाळी मी सांगितलं होतं तसं केलं, 'चिंधी दिसेल तिकडे जायचं, डोकं चालवायचं नाही.'

शालीकराम खाली वाकून माती बघत होते. शेतात आयुष्य गेलेला माणूस, त्याला माती वाचता येते. "हे माह्या पोरगीचे जोडे," ते म्हणाले. "हे गेली तिकडं. अन् हे पाहा, वापस आली. हे मनिरामची चप्पल. चपलीच्या वरतून तिचा पाय पडला."

मला ते कळायला क्षण लागला. ती चुकल्याचं लक्षात येऊन इथवर परत आली होती. पण तोवर मनिराम इथून पुढे गेला होता. उजवीकडची प्रत्येक चिंधी त्याने सोडून नेली होती आणि उभ्या जंगलात तिला दिसत होत्या त्या फक्त याच, डावीकडच्या.

"मंग पुन्हा तिकडंच गेली," शालीकराम म्हणाले. त्यांचा आवाज फाटला.

आम्ही धावत सुटलो. एकेका मोहाखाली पाला जाळून केलेलं काळं खळं होतं, राखेत तिच्या जोड्यांचे ठसे होते आणि त्यावर ताजी पिवळी फुलं पडली होती. जाहिरातीतला तो सुगंध इतका दाटला होता की मी धावता धावता नाकाला बाही लावली. पाचव्या झाडापाशी समोरून पुष्पाबाई झपाझप येताना दिसली. एका हातात विळा, दुसऱ्या हातात रिकामा तेलाचा डबा. डोक्यावर टोपली नव्हती.

"पुढं नोका जाऊ!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "अस्वल हाय तठी. दोन पिल्लं हायेत संगं. मी टोपली फेकून आली."

"पोरगी दिसली का, बाई?" शालीकरामांनी विचारलं.

"दिसली नाही. आवाज आला होता, माय-माय करून. मंग बंद झाला."

शालीकराम पुढे निघाले, तशी तिने त्यांचा सदरा मागून धरला. "भाऊ, तुमी मागं राहा. बाप हा तुमी, पोरगी पाहून पळत सुटसान. अस्वल पळत्या माणसाच्याच अंगावर येते."

आम्ही चौघं दबकत गेलो. शेवटच्या मोहापाशी झुडपं विरळ झाली आणि मला रिंकू दिसली. छातीइतक्या उंच खडकावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एक घोटा सुजून टम्म झाला होता. आणि तिच्यापासून सहा-सात पावलांवर काळंभोर अस्वल पुष्पाबाईच्या टोपलीत तोंड खुपसून फुलं खात होतं. दोन पिल्लं खडकाला खेटून खेळत होती. पोरीने ओरडणं का थांबवलं ते मला कळलं.

तिचं तोंड आमच्याच बाजूला होतं. तिने मला ओळखलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहिली, आता सर काहीतरी करतील अशी.

मी काही केलं नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही, इथे सांगतो. माझ्या शेजारी ऐनाचं जाडजूड झाड होतं, मी त्याच्या मागे सरकलो. गळ्यात शिट्टी होती, तिच्याकडे हात गेला नाही. मनात सुद्धा रिंकू नव्हती. हे माझ्याकडे वळलं तर मी कुठल्या फांदीवर चढू शकेन, एवढंच मी शोधत होतो.

पुष्पाबाई पुढे झाली. तिने विळ्याच्या मुठीने डबा वाजवायला सुरुवात केली. जोरात नाही, घाईत नाही, दारात आलेली म्हैस हाकलावी तशी. एक पाऊल टाकायची, थांबायची, वाजवायची. मनिराम तिच्या बाजूने टाळ्या वाजवत सरकत होता. अस्वलाने तोंड वर काढलं आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं. शालीकरामांनी स्वतःच्या हाताचा चावा घेतला होता, मी पाहिलं.

"जाय माय," पुष्पाबाई अस्वलाला म्हणत होती. "लय खाल्ली. घे आपले लेकरं अन् जाय."

ते उभंच राहिलं. किती वेळ कोण जाणे. मग एकदा जोराने फुसकारलं, खाली बसलं आणि वळून नाल्यात उतरलं. पिल्लं धडपडत मागे गेली. झुडपांची सळसळ पार थांबेपर्यंत पुष्पाबाई डबा वाजवतच राहिली.

त्यानंतर मी झाडामागून निघालो, आणि खरं सांगायचं तर धावत निघालो. खडकापाशी शालीकरामांच्या बरोबरीने पोचलो. त्यांनी पोरीला उचलून खाली बसवलं, तिचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडले. मी कुठे होतो ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. इतका वेळ त्यांचे डोळे पोरीवरून हलले नव्हते. रडता रडता वळून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सर, तुमी नसते तं माही पोरगी गेल्ती. देवासारखे आले तुमी."

मनिरामने मान खाली घातली. पुष्पाबाई उलटलेली टोपली सरळ करून सांडलेली फुलं वेचत होती. माझी जीभ मला सांगायला हवं होतं ते सोडून भलतंच बोलून गेली.

"अहो काका, हे तर आमचं कामच आहे."

रिंकूने वडिलांच्या छातीवरून डोकं उचललं. त्या खडकावरून ऐनाचं झाड अगदी समोर होतं. मी तिला उठवायला हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मावशी," ती म्हणाली, "जरा हात द्या ना."

पुष्पाबाईने टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि तिला उठवलं.